रिडिम फुकट, गाणं मात्र कॉपीराइटवालं

‘रिडिम तर ओपन सोर्स असते, तिच्यावर कसला हक्क सांगता?’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, लायसन्स कुठलं? मी कोड लिहून पोट भरतो. ओपन सोर्स म्हणजे बेवारस नव्हे, हे आमच्याकडे फ्रेशरलाही माहीत असतं. लेखकाचं नाव पुसलंत तर ती चोरीच.

रिडिम म्हणजे डान्सहॉल गाण्याखालचा ड्रम आणि बेसचा तयार ट्रॅक. एकाच रिडिमवर दहा गायक दहा गाणी म्हणतात, जमैकात ही रीतच आहे. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८९ साली ‘फिश मार्केट’ बनवली. शब्बा रँक्सचं ‘डेम बो’ त्याच तालावर उभं राहिलं. पुढे पनामा, न्यूयॉर्क, प्युर्टो रिको असं फिरत तो ताल ‘डेम्बो’ झाला आणि रेगेटॉनचा कणा बनला. स्टीली २००९ मध्ये गेले. क्लीव्ही आणि स्टीलींच्या वारसांनी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला. त्यात आता दीड हजारांहून जास्त गाणी आहेत, आपल्या वरातींत वाजून वाजून झिजलेलं ‘देस्पासितो’सुद्धा. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी हा दावा सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला, आणि ‘संगीत संपलं’ अशी ओरड झाली.

ओरडणाऱ्यांचा लाडका दाखला म्हणजे ‘स्लेंग टेंग’. १९८५ मध्ये वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही यांना कॅसिओच्या एमटी-४० कीबोर्डात एक तयार ताल सापडला. किंग जॅमीने त्याची गती उतरवली आणि डान्सहॉल एका रात्रीत डिजिटल झालं. मग जमैकावाल्यांनीही उचललंच की! पण प्रीसेट वापरण्यासाठीच विकलेला असतो. शिवाय तो ताल बनवणारी होती ओकुदा हिरोको, कॉलेजात रेगेवर प्रबंध लिहिलेली तरुणी. कॅसिओने पैसे मागितले नाहीत हे सगळे सांगतात, तिचं नाव किती जण सांगतात?

आणि जमैकातली ती देवाणघेवाण एका शहरातली होती. रिडिम कुणाची, हे किंग्स्टनमध्ये डान्सला येणाऱ्या पोरालाही ठाऊक असायचं. तिथे सगळं गोड होतं असं नाही. वादकांना एकरकमी पैसे देऊन वाटेला लावणारे निर्माते तिथेही होते. पण ‘तेव्हा कुणी अडवलं नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की १९९३ पर्यंत जमैकात ब्रिटिशांचा १९११ चा कॉपीराइट कायदा चालू होता. ज्याच्या हातात धड कायदाच नाही, त्याच्या गप्प बसण्याला तुम्ही परवानगी समजता?

एक भीती मात्र मलाही आहे. निव्वळ ड्रम-पॅटर्नवर मालकी मान्य झाली, तर उद्या तेच हत्यार बड्या कंपन्या बेडरूममध्ये बीट बनवणाऱ्या पोरांवर चालवतील. म्हणून सगळ्या रेगेटॉनची मालकी कुणा दोघांना द्या, असं मी म्हणत नाही. पण जी कंपनी आपल्या गाण्याचे पाच सेकंद कुणाच्या व्हिडिओत वाजले तरी तो खाली उतरवते, तिने कोर्टात उभं राहून ताल सगळ्यांचाच असतो म्हणावं? मग तुमचे ट्रॅकही सोडा मोकळे. नाहीतर क्रेडिटमध्ये क्लीव्हलंड ब्राउन आणि वायक्लिफ जॉन्सन ही नावं लिहा आणि हिशोबाला बसा.