दम लागतो म्हणून बसवून ठेवू नका





थंडीची चाहूल लागली की दम्याच्या आणि जुनाट खोकल्याच्या रुग्णांनी काय काळजी घ्यावी, यावर वर्तमानपत्रांतून दरवर्षी मजकूर येतो. धुळीत जाऊ नका, गार पाणी पिऊ नका, दगदग करू नका, आराम करा. बाकीचे सल्ले ठीक आहेत. पण सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचा आजार असलेल्या माणसाला ‘आराम करा’ एवढेच सांगून घरी पाठवणे घातक आहे. आपल्या फलटण तालुक्यात अशी माणसे घरोघरी आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

हा आजार बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, असा समज अजून पक्का आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर मांडले की, जगातले या आजाराचे फार मोठ्या संख्येने रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले असतात. 2016 साली भारतात या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. 1990 साली ते 2 कोटी 81 लाख होते. आपल्या देशातल्या या आजाराच्या भारापैकी निम्म्याहून अधिक वाटा प्रदूषित हवेचा, तर साधारण पाव वाटा तंबाखूचा. आपल्या भागात हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. उज्ज्वला योजनेनंतर स्वयंपाकाला गॅस आला, तरी अंघोळीचे पाणी कितीतरी घरांत अजून लाकडावर, चिपाडावर तापते. गुऱ्हाळात चुलवणाला जाळ घालणारी माणसे हंगामभर धुरात उभी असतात. ऊस तुटून गेला की रात्री शेतेच्या शेते पाचटाच्या जाळाने लाल होतात आणि सकाळी गावावर धूर बसलेला असतो. चाळीस वर्षे या धुरात काढलेल्या बाईला साठीच्या आतच धाप लागू लागते, आणि घरचे म्हणतात, “वय झालं आता.”

वय झाले हे खरे आहे, पण ते वर्षांनी झालेले नाही. आपल्या पेशींना ठरावीक वेळाच दुभंगता येते, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 साली दाखवले. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचे संरक्षक भाग असतात. पेशी दुभंगते तेव्हा ते थोडे झिजतात. बुटाच्या नाडीचे प्लास्टिकचे टोक गेले की नाडी उसवते, तसेच हे. टेलोमिअर पेशीचे रक्षण कसे करतात, या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना 2009 चे नोबेल मिळाले. धुरातले कण फुफ्फुसात सतत दाह पेटता ठेवतात, त्यात ही टोके अधिकच वेगाने झिजतात. सीओपीडीच्या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या, तर त्यांचे टेलोमिअर त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा सरासरीने आखूड आढळतात. थकलेल्या पेशी मरतही नाहीत. तिथेच राहून दाह वाढवणारी रसायने सोडत राहतात. म्हणजे धुराने माणूस वेळेआधी म्हातारा होतो, हे पेशीच्या पातळीवर दिसते. अशा माणसाच्या धापेला ‘वय’ म्हणून सोडून देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग व्यायामाने ही टोके पुन्हा लांब होतात का? सीओपीडीत तसे सिद्ध झालेले नाही, आणि तसा दावा करून पावडरी विकणाऱ्यांपासून लोकांनी दूर राहावे. पण पेशीचे घड्याळ मागे फिरत नाही म्हणून हात टेकायचे कारण नाही. धाप लागते म्हणून माणूस हलत नाही. हलत नाही म्हणून मांड्यांचे स्नायू सुकतात. सुकलेले स्नायू थोड्याशा कामातही जास्त आम्ल तयार करतात. ते बाहेर टाकायला श्वास आणखी वेगाने घ्यावा लागतो, आणि धाप आणखी वाढते. फुफ्फुसाचे गेलेले परत येत नाही, पण हे चक्र पायांकडून तोडता येते. याला पुरावा हवा असेल तर कॉक्रेन संस्थेने 2015 साली घेतलेला आढावा पाहावा. 65 चाचण्या आणि 3822 रुग्ण तपासून त्यांचा निष्कर्ष असा की, देखरेखीखालच्या व्यायामाने धाप कमी होते आणि चालण्याची ताकद वाढते. नेहमीच्या उपचारांशी पुन्हा तुलना करत बसण्याची आता गरज नाही, असेही ते म्हणतात. वैद्यकात इतके निःसंदिग्ध वाक्य क्वचितच वाचायला मिळते.

माझ्या सासूबाईंनाही आरामच सांगितला होता. आम्ही तो इमानाने पाळला. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांच्या हातात नेऊन दिला. त्याच हंगामात त्यांना खुर्चीतून उठायला हात द्यावा लागू लागला. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना पडवीतल्या खांबाजवळ खुर्ची मांडून शिकवले. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा आणि सोडतासोडता उठायचे. “आत्या, फुंकर मारत उठा,” असे मी म्हणायची आणि त्या खांबाला धरून उठायच्या. चालायला निघण्याआधी पंप, दोन हातांत पाण्याच्या छोट्या बाटल्या, दम लागला की थांबायचे, पण बसायचे नाही. सुरुवातीला फाटकापर्यंत, मग शेजारच्या घरापर्यंत. आता त्या मारुतीच्या पारापर्यंत जातात, बायकांशी चार गोष्टी बोलतात आणि आपल्या पायांनी परत येतात. फुंकून करायच्या तपासणीतले त्यांचे आकडे होते तिथेच आहेत. बदलले ते पाय, आणि पायांबरोबर बाईचा सगळा दिवस.

हे सगळ्यांना मिळण्यासारखे आहे. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी जगभर वापरली जाते. तिला 30 मीटर सपाट जागा, दोन खुणा, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लागतो. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालला, मध्ये कितीदा थांबला, ऑक्सिजन किती उतरला, हे लिहायचे. 2004 साली सेली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे अंतर, वजन, धाप आणि फुफ्फुसाची तपासणी एकत्र पाहिली, तर रुग्णाच्या आयुष्याचा अंदाज नुसत्या फुफ्फुसाच्या आकड्यापेक्षा चांगला येतो. ऑक्सिमीटर आपल्याकडे नवे नाहीत. 2020 साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तेच घेऊन पथके घरोघर आली होती.

आणि माहितीही गोळा होतच असते. आशाताई तिशीवरच्या प्रत्येक माणसाचा जो फॉर्म भरतात, त्यात स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, पिकांचे अवशेष किंवा कचरा जाळता का, धूर-धुळीच्या कामावर जाता का, हे प्रश्न आहेत. प्रश्न उत्तम आहेत. पण उत्तर ‘हो’ आल्यावर त्या बाईचे पुढे काय होते? रक्तदाब आणि साखर मोजली जाते, गोळ्या मिळतात. धापेपुढे कागद थांबतो.

कर्मचारी कमी आहेत, हे मला माहीत आहे. म्हणूनच नवी इमारत किंवा महागडे यंत्र मागत नाही. शाळेचा व्हरांडा किंवा ग्रामपंचायतीचे आवार चालेल. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्या. हृदयाचा त्रास असलेले किंवा चालताना ऑक्सिजन फार उतरणारे रुग्ण आधी डॉक्टरांकडे पाठवा. बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा, निदान आठ आठवडे, एकत्र चालवा. म्हातारी माणसे येणार नाहीत, असे कुणी म्हणेल. माउलींची पालखी दरवर्षी या गावात मुक्कामाला येते. सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून इथवर चालत आलेल्या आपण पाहतो, त्यांना पाणी देतो. चालण्याला मान देणाऱ्या गावात लोकांना सोबत मिळाली, तर ते नक्की येतील.

धूर मात्र आपणच थांबवला पाहिजे. पाचट कुट्टी करून सरीत ठेवले तर जमिनीचा कस आणि ओल दोन्ही टिकतात. इथल्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर चालणारे गॅसिफायर 1990 च्या दशकात तयार करून दाखवले होते. ज्या मातीत हा विचार इतक्या आधी झाला, तिथे अजून काडी ओढली जाते, याची खंत वाटते.

तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक उपकेंद्रात 30 मीटरची एक पट्टी आखा, वार ठरवा आणि आशाताईंच्या फॉर्ममध्ये धुराला ‘हो’ म्हणालेल्या प्रत्येकाला तिथे बोलवा. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी सरकारची वाट न पाहता डॉक्टरांना पुढच्या भेटीत एवढे विचारावे: “आमच्या माणसाला किती चालवू आणि कसं चालवू?”

आपली,
एक वाचक, फलटण (जि. सातारा)