जोखीम जनतेची, नफा कंपन्यांचा

मधुमेहावरील नव्या औषधाची वार्ता आली की विज्ञानाच्या घोडदौडीचे गोडवे गायिले जातात. त्या घोड्याचा लगाम कोणाच्या हाती आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. रिमोनाबंट या संयुगाची कहाणी त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

शरीरातील पेशींवर ‘सीबी-१’ नावाची ग्रहणस्थाने, म्हणजे रिसेप्टर, असतात. भूक आणि चरबीचा साठा यांच्या नियमनात त्यांचा वाटा असतो. ती रोखून धरणारे रिमोनाबंट फ्रान्सच्या सनोफी कंपनीने शोधले. त्याने वजन घटते, मधुमेही रुग्णांची रक्तशर्कराही उतरते, असे चाचण्यांत दिसले आणि २००६ साली ते युरोपच्या बाजारात आले. परंतु हीच ग्रहणस्थाने मेंदूत मनाचा तोलही सांभाळतात. जून २००७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने नैराश्य व आत्महत्येच्या विचारांचा धोका पाहून या औषधास एकमताने नकार दिला. युरोपात मात्र विक्री ऑक्टोबर २००८ पर्यंत चालू राहिली. आपल्याकडे तर अनेक कंपन्यांनी ते विकले आणि बंदीची अधिसूचना निघाली डिसेंबर २००९ मध्ये! समितीच्या नकारानंतर अडीच वर्षांनी!

पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. रिमोनाबंट बुडताच मर्क, फायझर यांनीही आपली अशीच संयुगे २००८ मध्येच गुंडाळली. मेंदूत न शिरता उरलेल्या शरीरातील ग्रहणस्थाने रोखता येतील काय, हा शास्त्रीय प्रश्न शिल्लकच होता. तो उचलून धरला अमेरिकेतील सरकारी आरोग्यसंस्थेच्या व विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी. लठ्ठ उंदरांवर त्यांना आशादायक परिणाम दिसले. त्या सरकारी प्रयोगशाळेतून निघालेले एक संयुग पुढे कॅनडातील एका छोट्या कंपनीकडे गेले. २०२३ साली नोव्हो नॉर्डिस्कने ती कंपनीच एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेपर्यंतच्या सौद्यात घेतली. २०२४ च्या चाचणीत मानसिक दुष्परिणाम पुन्हा दिसले, हे वेगळेच.

भांडवल जोखीम पत्करते म्हणून नफ्यावर त्याचा हक्क, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. येथे जोखीम पत्करली कोणी? धोका दिसताच भांडवलाने पळ काढला. देहाची जोखीम रुग्णांनी उचलली आणि पैशाची सरकारी खजिन्याने. फळ दिसू लागताच मात्र मालकी खाजगी झाली!

हा विज्ञानाचा दोष नव्हे. मालकीच्या व्यवस्थेचा आहे. म्हणून सार्वजनिक पैशातून निघालेल्या प्रत्येक औषधावर किमतीची अट हवी. चाचण्यांचे सर्व निष्कर्ष, प्रतिकूलही, जनतेपुढे यावयास हवेत. लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था आणि पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या देशाने ज्या हेतूने उभारल्या, त्या हेतूची आठवण राज्यकर्त्यांना करून द्यावयास हवी. कोट्यवधी मधुमेहींच्या या देशात हा प्रश्न डॉक्टरांपुरता नाही. तो कामगार सभांत आणि विधिमंडळांत लढविण्याचा प्रश्न आहे.