अंबराची किंमत आणि देवमाशाचे कुटुंब

अत्तराचा व्यवसाय ज्यांच्या घरी आहे किंवा पूर्वी होता, त्यांना ‘अंबर’ हा शब्द नवा नाही. अलीकडे तोच पदार्थ वर्तमानपत्रांत निराळ्या नावाने भेटतो. ‘व्हेल माशाची कोट्यवधींची उलटी जप्त’ अशा मथळ्याची बातमी मुंबई, ठाणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या भागांतून अधूनमधून येत असते. बातमी वाचणारा प्रत्येकजण किंमत किती, एवढेच विचारतो. ज्याच्या पोटातून हा पदार्थ येतो तो प्राणी कसा जगतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आज त्या प्राण्याची ओळख करून घेऊ.

त्याचे नाव स्पर्म व्हेल. मराठीत आपण त्याला देवमासा म्हणत असलो, तरी तो मासा नव्हे. फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा तो सस्तन प्राणी आहे. दात असलेल्या देवमाशांत हा सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर सुमारे १६ मीटर लांब भरतो, मादी सुमारे ११ मीटर. शरीराच्या एकतृतीयांश लांबी केवळ डोक्याची असते. त्याच्या मेंदूचे वजन ८ किलोच्या आसपास असून पृथ्वीवरील कोणत्याही प्राण्याचा मेंदू याहून मोठा नाही. माणसाचा मेंदू दीड किलोही भरत नाही.

हवा वर आणि अन्न खाली, अशा विभागणीत या प्राण्याचे आयुष्य जाते. पृष्ठभागावर आठ-दहा मिनिटे श्वास भरून घेतला की तो शेपटी उंचावून सरळ खाली उतरतो. चारशे ते हजार-बाराशे मीटर खोल जाऊन पाऊण तासाने परत येतो. प्रसंगी तासाहूनही अधिक काळ खाली राहतो. एवढा वेळ पुरणारा प्राणवायू तो मुख्यतः रक्तात आणि स्नायूंत साठवतो. स्नायूंतील मायोग्लोबिन या द्रव्याचे प्रमाण इतके असते, की त्याचे मांस जवळजवळ काळे दिसते. तळाशी अंधार असतो. तेथे राहणारे स्क्विड हे त्याचे मुख्य अन्न. स्क्विड म्हणजे माखलीच्या जातीचा, कणा नसलेला समुद्री जीव.

त्या काळोखात डोळ्यांचा उपयोग थोडाच. देवमासा पाहतो तो आवाजाने. त्याच्या डाव्या नाकपुडीचे काम श्वास घेण्याचे. उजव्या बाजूची नलिका मात्र आवाज निर्माण करते. नाकाच्या टोकाशी उमटलेला ठोका डोक्यातील मेणासारख्या तेलाने भरलेल्या प्रचंड पिशवीतून मागे जातो, कवटीजवळच्या हवेच्या कप्प्यावर आपटून वळतो आणि एकवटून पुढे फेकला जातो. प्राणिसृष्टीत याहून मोठा आवाज कोणाचाही नाही. समोरच्या वस्तूवरून परतलेल्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य कोठे आणि किती अंतरावर आहे, हे त्याला कळते. भक्ष्य जवळ येऊ लागले की ठोके इतके भराभर पडतात, की ऐकणाऱ्याला दरवाजाची कुरकुर वाटावी.

याच तेलाला जुन्या खलाशांनी अज्ञानापोटी ‘स्पर्म’ म्हटले आणि ते चुकीचे नाव प्राण्याला कायमचे चिकटले.

आता त्याच्या कुटुंबाकडे वळू. पूर्व कॅरिबियनमधील डॉमिनिका या छोट्या बेटाजवळ शेन गेरो या संशोधकाने २००५ साली तेथील देवमाशांचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक देवमाशाच्या शेपटीच्या कडेवरील खाचा वेगळ्या असतात. बँकेत सहीचा नमुना ताडून पाहतात त्याप्रमाणे ही शेपटी पाहून प्राणी ओळखता येतो. वर्षानुवर्षे अशी नोंद ठेवल्यावर आजी, लेकी, मावश्या आणि नातवंडे कोण, हे उलगडत गेले.

स्पर्म व्हेलचे कुटुंब स्त्रीसत्ताक असते. साधारण दहा माद्या व त्यांची पिले उष्ण समुद्रात आयुष्यभर एकत्र राहतात. मुलगे वयात येण्याच्या सुमारास घर सोडून ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जातात आणि मोठेपणी केवळ मीलनासाठी उष्ण समुद्रात येतात. मादीला चार ते सहा वर्षांतून एकदा एकच पिलू होते. गर्भधारणा सव्वा वर्षाच्या आसपास चालते. जन्मतःच चार मीटर लांब असलेल्या पिलाला आईएवढे खोल जाता येत नाही. यावर कुटुंबाने उपाय शोधला आहे. सगळ्या माद्या एकाच वेळी खाली जात नाहीत. आळीपाळीने कोणीतरी वर थांबते आणि पिलू तिच्या सोबतीला राहते. काही वेळा आईखेरीज दुसरी मादीही त्याला दूध पाजते. जुलै २०२३मध्ये डॉमिनिकाजवळ संशोधकांना एक जन्म प्रत्यक्ष पाहायला मिळाला. त्या वेळी ११ देवमासे एकत्र जमले होते आणि नवजात पिलाला श्वास घेता यावा म्हणून त्याला पाण्याच्या वर उचलून धरत होते.

हे कुटुंब एकमेकांशी बोलतेही. शिकारीचे ठोके वेगळे आणि संभाषणाचे वेगळे. संभाषणात ठोक्यांची ठरावीक लय असते, तिला ‘कोडा’ म्हणतात. डॉमिनिकाच्या समुद्रात दोन सावकाश ठोके आणि मागोमाग तीन जलद ठोके, अशी एक लय वारंवार ऐकू येते. पिलू ही लय जन्मतः जाणत नाही. लहान मूल बोबडे बोलते तसे तेही आधी अडखळते आणि हळूहळू शिकते. प्रशांत महासागरात तर वेगवेगळ्या बोलीचे गट एकाच पाण्यात राहूनही सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. ज्याची बोली आपली, तो आपला.

संकट आले तर मोठी माणसे लेकराला मध्ये घेतात, तसेच येथेही होते. पिलू किंवा जखमी सोबती मध्यभागी, डोकी आत आणि शेपट्या बाहेर, असे फुलाच्या पाकळ्यांसारखे कडे माद्या करतात. किलर व्हेलपासून पुष्कळदा या कड्याने संरक्षण मिळते. भाला घेऊन आलेल्या माणसापुढे मात्र हेच कडे घातक ठरले, कारण सगळे कुटुंब एका जागी मिळू लागले.

माणूस आला तो डोक्यातील तेलासाठी. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेतील नॅन्टकेट व न्यू बेडफर्ड ही बंदरे या व्यापारावर श्रीमंत झाली. त्या मेणाची मेणबत्ती धूर न करता स्वच्छ जळे. तिचा लौकिक एवढा, की ब्रिटनने १८६० साली प्रकाश मोजण्याचे प्रमाण ठरवले तेही याच मेणाच्या मेणबत्तीवरून. या शिकारी जहाजांच्या रोजवह्या आजही उपलब्ध आहेत. २०२१मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर प्रशांत महासागरात जहाजे प्रथम पोहोचल्यावर अवघ्या दोन-तीन वर्षांत शिकारीचे यश निम्म्याहून अधिक घटले होते. देवमासे कडे करण्याऐवजी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पळू लागले होते आणि शिडाच्या नावांना तिकडे जाता येत नसे. ज्यांनी हल्ला सोसला त्यांच्याकडून इतरांनी धडा घेतला, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

विसाव्या शतकातील इंजिनाच्या जहाजांपुढे हा धडा निरुपयोगी ठरला. १९६०च्या दशकात एकेका वर्षी वीस हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले गेले. मेणबत्तीचा काळ तेव्हा सरला होता. मागणी होती ती यंत्रांच्या वंगणासाठी. अखेर अमेरिकेने या तेलाची आयात बंद केली, १९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकारीला स्थगिती देण्याचे ठरवले आणि ती पुढे १९८६पर्यंत अमलात आली. वंगणालाही पर्याय सापडला. जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतून निघणारे तेल रासायनिकदृष्ट्या या तेलाच्या जवळचे आहे. आज राजस्थानातही जोजोबाची लागवड होते. सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापारातील वाचकांना हे नाव परिचित असेल. त्याच्या बाजारपेठेमागे हा इतिहास आहे, हे ठाऊक असावे.

आता अंबराकडे परत येऊ. स्क्विडच्या चोचीसारख्या कठीण भागांमुळे काही थोड्या देवमाशांच्या आतड्यात मेणचट गोळा तयार होतो. तोच अंबर. त्याला उलटी म्हणतात, पण तो आतड्यात बनतो. सुगंध टिकवून धरण्याच्या गुणामुळे त्याला पूर्वापार मोल आले. भारतात स्पर्म व्हेलला १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण असून अंबर बाळगणे आणि विकणे गुन्हा आहे. माल किनाऱ्यावर सापडलेला आहे, कोणालाही मारलेले नाही, हा युक्तिवाद कायद्यापुढे चालत नाही. आपल्या ओळखीचा कोणी असा ‘माल’ घेऊन आला, तर वजन आणि भाव विचारण्याआधीच त्याला परत पाठवावे आणि वनखात्याला कळवावे. तोच गंध देणारी कृत्रिम द्रव्ये बाजारात उघडपणे मिळतात.

शिकार थांबली तरी धोके उरले आहेत. आपला माल ज्या जहाजांतून येतो-जातो, त्यांची धडक आणि त्यांच्या यंत्रांचा गोंगाट हे त्यांतले दोन. येथेही मार्ग निघू शकतो. ग्रीसच्या पश्चिमेकडील समुद्रात एका मोठ्या जहाज कंपनीने २०२२मध्ये देवमाशांसाठी आपला मार्ग बदलला. नोव्हेंबर २०२३मध्ये डॉमिनिकाने सुमारे ८०० चौरस किलोमीटर समुद्र त्यांच्यासाठी राखून ठेवण्याची घोषणा केली.

स्पर्म व्हेलची मादी सत्तर वर्षांपर्यंत जगू शकते. म्हणजे १९६०च्या कत्तलीच्या काळात पिलू असलेली एखादी मादी आज कुटुंबाची आजी असेल. आई खोल पाण्यात गेली असताना नातवंडाजवळ थांबून ती तीच लय वाजवत असेल, जी तिला तिच्या आजीने शिकवली. त्या कुटुंबाची पुंजी या आजीपाशी आहे. तिची किंमत तोळ्यावर काढता येणार नाही.