जयंतीच्या फ्लेक्सवरचा ब्रश कोणाच्या हातात?

14 एप्रिल जवळ आला की गोंदियापासून अर्जुनी मोरगावपर्यंत चौकाचौकात फ्लेक्स लागतात. वर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. फ्लेक्सवर किती खर्च करावा, यावर आपल्यात दरवर्षी वाद होतो. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या फ्लेक्सवरचे बाबासाहेब कसे दिसावेत, हे कोण ठरवतो?

बहुतेक वेळा दुकानातला ऑपरेटर ठरवतो. आपण व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो, नावांची यादी देतो आणि चहा पीत बसतो. ऑपरेटर फोटो कापतो, मागे निळा रंग भरतो आणि चेहरा ‘साफ’ करतो. हे ‘साफ’ करणे काय असते? फोटोशॉपमध्ये ‘डॉज’ नावाचे टूल आहे. ज्या भागावर ते फिरवाल, तो भाग उजळतो. चार-पाच वेळा फिरवले की बाबासाहेब, रमाई, सावित्रीमाई सगळे गुलाबी-गोरे होतात. ऑपरेटरच्या मनात द्वेष असतोच असे नाही. चांगले दिसणे म्हणजे गोरे दिसणे, हे त्याला समाजाने शिकवले आहे. पण आपणही पैसे मोजून तेच चित्र चौकात लावतो आणि त्याला हार घालतो. डॉजच्या शेजारीच ‘बर्न’ हे गडद करणारे टूल असते. टूलला जात नसते. जात ते चालवणाऱ्या नजरेत असते.

हा प्रश्न आजचा नाही. उन्नमती श्यामसुंदर यांनी 1932 ते 1956 या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे गोळा करून ‘नो लाफिंग मॅटर’ हे पुस्तक 2019 मध्ये प्रसिद्ध केले. ते चाळले की कळते, तेव्हाच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी बाबासाहेबांना कसे रंगवले. शंकर यांचे 1949 चे, गोगलगाय आणि चाबकाचे व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होते. त्यावरून 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला. विरोध योग्यच होता. पण विरोध करणे आणि स्वतःचे चित्र उभे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात आपण पटाईत आहोत. दुसरे काम नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्यतेची चित्रे काढून केले, मुंबईचे विक्रांत भिसे ते रंगांनी करत आहेत, ‘बेकरी प्रसाद’ या नावाने सिद्धेश गौतम ते डिजिटल चित्रांनी करत आहेत. आपल्या जिल्ह्यात ते कोण करणार?

काही मित्र म्हणतील, आता एआय दोन मिनिटांत चित्र देते, ब्रश कशाला शिकायचा? एआय जी चित्रे पाहून शिकले, तीच उलटसुलट करून देते. त्या साठ्यात आपली माणसे किती आणि कोणत्या रूपात आहेत? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या आपल्या आज्यांचे, बिडी वळणाऱ्या बायांचे, रोवणीच्या चिखलात वाकलेल्या मजुरांचे फोटो फारसे कोणी काढलेच नाहीत. ज्यांचा फोटो नाही, त्यांना फक्त चित्रच परत आणू शकते. ते ज्यांनी त्यांना पाहिले आहे, त्यांनीच काढले पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा. फोटोशॉपला दरमहा पैसे भरावे लागतात, हे खरे. पण जिम्प आणि क्रिता ही सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहेत, चोरीची प्रत शोधायची गरज नाही. शिकायला सुरुवात अशी करा. जुना फोटो खालच्या लेयरवर ठेवा, त्याची अपारदर्शकता कमी करा आणि वर नवा, रिकामा लेयर घ्या. त्यावर बारीक, कडक कडेच्या ब्रशने रेषा काढा. माउसने हात थरथरत असेल, तर पाथ टूलने वळण आखून त्यावर ब्रशची रेघ ओढता येते. त्वचेचा रंग मनाने निवडू नका. उन्हात काढलेला आपल्याच घरातल्या माणसाचा फोटो उघडा आणि कलर पिकरने त्यातून रंग उचला. सावलीसाठी वेगळा लेयर ठेवा, म्हणजे चुकले तर तेवढेच पुसता येईल.

आकाराचेही भान हवे. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो साधारण 1600 पिक्सेलचा असतो. तो 10 फूट रुंद फ्लेक्सवर ताणला, तर एका इंचात जेमतेम 13 ठिपके येतात. म्हणून चेहरे फुटतात. कॅनव्हास आधीच मोठा घेतला, तर ही अडचण येत नाही.

पुढच्या जयंतीपर्यंत प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी विहारात किंवा अभ्यासिकेत एक जुना संगणक, एक साधा पेन टॅबलेट आणि रविवारचे दोन तास एवढे उभे करू या. वर्गणीतून एक फ्लेक्स कमी केला, तर सुरुवातीचा खर्च निघू शकतो. शिकायला मुलींना आधी बसवा, कारण आपल्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणूनही त्या क्वचितच दिसतात. पहिला अभ्यास बाबासाहेबांच्या चेहऱ्याचा नको. आधी आपल्या वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचे चित्र काढा, तिच्या खऱ्या रंगात. ते जमले, की बाबासाहेबही त्यांच्या खऱ्या रंगात काढता येतील.

जय भीम!