माडीवरची न्हाणी

आंबागडच्या आमच्या घराला कडीपाटाची माडी आहे. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या. वडिलांच्या वेळचं काम. बारा वर्षांपूर्वी मुलगा-सुनेची सोय म्हणून माडीवर न्हाणी करायचं ठरलं. सुतार म्हणाला, "गुरुजी, आधी लाकूड बघू द्या." मी ऐकलं नाही. मिस्त्रीने फळ्यांवर सरळ वाळू-सिमेंटचा माल पसरला, टाईल्स बसवल्या, आणि मी खुशीने पैसे मोजले.

तिसऱ्या पावसाळ्यात सांधे फुटले. टाईल ठोकली की पोकळ वाजायची. मग खालच्या खोलीत छताला ओल आली. सुताराने तुळईचं भिंतीतलं टोक पेचकसने टोचलं तर पेचकस अर्धा आत गेला. त्याच तुळईला नातवाचा पाळणा टांगलेला होता!

आता धाकटा पुतण्या आपल्या माडीवर तेच करायला निघाला आहे. "काका, टाईल्स आल्यात, दोन दिवसांचं काम." म्हणून हे लिहितो आहे. रागावलास तरी चालेल.

अरे, लाकूड ओलाव्याने फुगतं आणि मे महिन्यात आकसतं. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, ते तडकतं. तडीतून पाणी फळीत जातं आणि वरून टाईल असल्यामुळे ते वाळतही नाही. शिवाय वजन बघ. पाच बाय सहा फुटांच्या न्हाणीत दोन इंच माल टाकलास तर नुसत्या मालाचं वजन होतं सुमारे तीनशे किलो, म्हणजे सिमेंटची सहा पोती कायमची माडीवर. टाईल्स, पाणी, माणूस वेगळे.

अमेरिकेतला भाचा म्हणतो, "मामा, आमच्याकडे सगळी घरं लाकडाची, बाथरूममध्ये टाईल्सच असतात." असतात ना! पण तिथे अंघोळ टबात किंवा शॉवरच्या कप्प्यात होते. आपण बादलीने सगळी जमीन भिजवतो. आणि तिकडेही टाईल आधी येत नाही. कडी तिच्या लांबीच्या ३६०व्या भागाहून जास्त वाकता कामा नये, हा तिथला संकेत. दहा फुटांच्या कडीला जेमतेम साडेआठ मिलिमीटर.

तेव्हा माडीवरच न्हाणी हवी असेल तर क्रम असा ठेव. खालून प्रत्येक कडी टोचून पाहा, वाळवी आणि कुजकं लाकूड काढ. वाक असेल तर मध्ये नव्या कड्या घाल. फुटाला पाव इंच उतार लाकडी पट्ट्यांनीच काढ, माल ओतून नको. त्यावर आयएस ७१० चा १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, खिळ्यांनी नव्हे तर स्क्रूने, दोन तुकड्यांत तीन मिलिमीटर फट ठेवून. वर सिमेंट बोर्ड. मग वॉटरप्रूफिंगचा थर, भिंतीवर फूटभर चढवलेला. जाळी बंद करून २४ तास पाणी साठव आणि खाली जाऊन छत बघ. थेंब दिसला नाही तरच टाईल. तीही पॉलिमरच्या चिकट मसाल्यावर, आणि भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंट न भरता लवचीक सीलंट भर.

"एवढ्यात दुप्पट खर्च होईल," असं तू म्हणशील. होईल. मला तुळई बदलायला न्हाणीच्या तिप्पट लागले. परवडत नसेल तर घरामागे जमिनीवर न्हाणी बांध. आपल्या आजोबांनी तिथेच बांधली होती, आणि त्यांना लाकडाची जात चांगली ठाऊक होती.

टाईलचा रंग ठरवायला तुम्ही दोघांनी तुमसरच्या चार चकरा मारल्या. खालचं लाकूड बघायला अर्धा तास काढ. रविवारी मी सुताराला घेऊन येतो. पेचकस माझ्याकडे आहे.