फाल्गुन वद्य तृतीया

शिवछत्रपतींचा जन्म शके 1549 च्या वैशाखात, म्हणजे सन 1627 मध्ये झाला, हे कित्येक पिढ्यांना मुखोद्गत होते. आणि 1916 साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांच्या दफ्तरातील शकावली प्रसिद्ध करून शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दाखला पुढे ठेवला, तेव्हा महाराष्ट्राने त्याचे सहर्ष स्वागत केले असे काही म्हणवत नाही. ज्या बखरींनी महाराजांचा पराक्रम रसाळ वाणीने ऐकविला, त्या तिथीच्या बाबतीत चुकल्या असतील हे मानणे मनाला जड गेले. शकावलीकार मात्र पक्का रुक्ष मनुष्य. जन्म, मृत्यू, स्वारी, तह यांची मिती टिपावी आणि पुढे सरकावे, प्रसंग रंगविण्याच्या भानगडीत पडू नये. आणि आमच्या मते हीच त्याच्या बाजूची पहिली साक्ष. शिवाय त्याने दिलेला वार पंचांगाच्या गणिताशी तंतोतंत जुळतो. पुढे परमानंदाच्या 'शिवभारता'ने आणि जोधपुरास सापडलेल्या जन्मपत्रिकेनेही तीच तिथी सांगितली. तरी सरकारी शिक्का उमटण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

शंका घेणाऱ्या सर्वांनाच आम्ही दोष देणार नाही. वतनाच्या लोभाने बनावट महजर आणि खोट्या सनदा सिद्ध करण्याचा उद्योग या भूमीत उदंड चालला होता. तेव्हा एका घराण्याचा कागद पुरेसा नाही, दुसरा दाखवा, असे बजावणारा पंडित तथ्याचा वैरी नव्हे. दुसरा आणि तिसरा रुजू झाल्यावरही जो जागचा हलत नाही, त्याची गोष्ट निराळी. त्याला पुरावा नको असतो. नवे मत कोणत्या गोटातून आले, एवढेच त्याला हवे असते.

आता शकाचा वाद मिटला, आणि उत्सव तिथीने करावा की तारखेने, हा पेटला. वस्तुतः हा आवडीचा प्रश्न. परंतु दोन्ही पक्ष तो इतिहासाचा म्हणून लढवितात. मौज अशी की, 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख जुन्या जूलियन गणनेची आहे, आणि आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेने तोच शुक्रवार 1 मार्चला पडतो. तारखेचा अभिमानी हे ऐकूनच घेत नाही. आणि तिथीचा अभिमानी ते ऐकून इतका प्रसन्न होतो की, त्यामागचे गणित समजून घेण्याची गरज त्यालाही भासत नाही.