पोर्ट वाईन टॉनिक नव्हे!

“डॉक्टर, सुनेला रक्तवाढीसाठी रोज थोडी पोर्ट वाईन देऊ का? गोव्याहून आणलीय.” बाळंतिणीच्या सासूबाईंचा हा प्रश्न मला आजही ऐकावा लागतो. माझे उत्तर एकच : मुळीच देऊ नका.

ही गोडी येते कुठून? मूळ पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. द्राक्षरस आंबताना यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. ही क्रिया अर्ध्यावर असतानाच रसात द्राक्षांचे कडक मद्य ओततात. यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून या वाईनमध्ये सुमारे २० टक्के मद्यार्क आणि लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर असते.

मी ती चाखली आहे. आधी मनुकांसारखी गोडी, मग घशात ऊब. ही ऊब म्हणजे ताकद नव्हे, तो मद्यार्क! तो आईच्या दुधातही उतरतो. रक्ताला लागणारे लोह मात्र तिच्यात नाममात्र. मधुमेह्यांनी तर साखरेचा आकडा पुन्हा वाचावा.

वाईनची चव हा आवडीचा विषय असेल, उपचाराचा नव्हे. अशक्तपणा वाटतो? आधी हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या आणि ती बाटली औषधांच्या फळीवरून खाली उतरवा.